पथ्याच्या आहारातील अंडे: कच्चे का टाळावे आणि शिजवून कसे घ्यावे

डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी प्रथिने वाढवायला सांगितली की गोव्यातल्या मांसाहारी घरांत पहिला विचार अंड्याचाच होतो, आणि तो योग्यही आहे. एका मध्यम अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसतात आणि ते वाड्यावरच्या छोट्या दुकानातही मिळते. प्रश्न निर्माण होतो तो ते घेण्याच्या पद्धतीमुळे. जिममध्ये जाणारा तरुण सकाळी चार कच्ची अंडी दुधात फेटून पितो, कीटो (अगदी कमी कर्बोदकांचा) आहार घेणारी व्यक्ती घरीच कच्च्या अंड्याचे मेयोनीज करून आठवडाभर पुरवते, आणि आजारातून उठलेल्या माणसाला अंगात ताकद यावी म्हणून गांवठी अंड्याचा बलक साखरेत घोटून दिला जातो. कच्च्या अंड्यातून पथ्याला जास्त काही मिळत नाही, उलट कमीच मिळते, आणि धोका मात्र रोज नव्याने पत्करावा लागतो. म्हणून पथ्यावर असलेल्या प्रत्येकाने अंडे पूर्ण शिजवूनच खावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी धोका समजून घेऊ. साल्मोनेला नावाचा जिवाणू अंड्यात दोन वाटांनी येतो. एक वाट बाहेरून, म्हणजे कवचाला लागलेल्या विष्ठेतून आणि कवचावरच्या सूक्ष्म छिद्रांतून. दुसरी वाट आतून: या जिवाणूचा ‘एन्टरायटिडिस’ हा प्रकार कोंबडीच्या अंडाशयात व अंडनलिकेत राहू शकतो, त्यामुळे कवच तयार होण्याआधीच तो अंड्यात पोचलेला असतो. असे अंडे बाहेरून स्वच्छ दिसते, त्याला वास येत नाही, आणि ते पाण्यात टाकले तर ताज्या अंड्यासारखे तळाशीच बसते. पाण्यात बुडवून पाहण्याची जी परीक्षा आपण सगळे करतो ती अंड्याचे वय सांगते. जिवाणू आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

असे अंडे क्वचितच सापडते हे खरे आहे. अमेरिकेत जुना अंदाज असा होता की २०,००० अंड्यांमागे एखादे आतून दूषित असते, आणि तो अंदाज तिथल्या अंड्यांचा आहे. वर्षातून एकदा पुडिंग खाणाऱ्याला ही संख्या निर्धास्त करील. पण रोज चार कच्ची अंडी घेणारा माणूस वर्षाला १,४६० अंडी कच्ची पोटात घालतो, आणि त्याच्या बाबतीत ‘क्वचित’ या शब्दावर विसंबता येत नाही. शिवाय अनेक अंडी एकाच भांड्यात फोडून फेटली की त्यांतले एक दूषित अंडे सगळे मिश्रण दूषित करते. पथ्यामुळे कधीतरीची गोष्ट रोजची होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

आता फायद्याचा हिशेब पाहू. कच्चे अंडे ‘जास्त पौष्टिक’ असते हा समज फार घट्ट रुजलेला आहे. बेल्जियममध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिने शरीरात पचली, तर कच्च्या अंड्यातली सुमारे ५१ टक्केच. याचा अर्थ, ६ ग्रॅमच्या अंड्यातून शिजवल्यावर साडेपाच ग्रॅमच्या आसपास हाती लागतात आणि कच्चे प्यायल्यास जेमतेम तीन. त्याशिवाय कच्च्या पांढऱ्या भागात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट बांधून ठेवते, त्यामुळे ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही. महिनोन्महिने मोठ्या प्रमाणात कच्चा पांढरा भाग घेणाऱ्यांत त्वचेवर पुरळ आणि केस गळणे असे त्रास दिसलेले आहेत. शिजवल्यावर ॲव्हिडिनची ही बांधण्याची शक्ती बहुतांशी नाहीशी होते.

परदेशी सल्ल्याबद्दल सावध राहावे

कीटो किंवा कमी कर्बोदकांच्या आहाराची माहिती बहुतेक जण परदेशी व्हिडिओंमधून घेतात, आणि त्यांत कच्चे अंडे निर्धास्तपणे वापरलेले दिसते. ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश लायन’ शिक्का असलेली अंडी साल्मोनेलाविरुद्ध लस दिलेल्या कोंबड्यांची असतात, आणि म्हणूनच तिथल्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये गर्भवती, लहान मुले आणि वृद्ध यांनाही त्या शिक्क्याची अंडी कच्ची किंवा अर्धवट शिजवलेली चालतील असे सांगितले. जपानमध्ये कच्चे अंडे भातावर घेतात, पण तिथे अंडी धुऊन, तपासून, कच्ची खाण्यासाठीची मुदत छापून विकली जातात. आपल्याकडे येणारी अंडी बहुतांशी शेजारच्या राज्यांतून ट्रकने, उन्हातून येतात आणि दुकानात फ्रिजबाहेरच ठेवलेली असतात. तिथला सल्ला या अंड्यांना लावणे चूक आहे. ब्रिटनच्या त्या सवलतीतही एक अपवाद मुद्दाम नोंदलेला आहे: ज्यांची प्रतिकारशक्ती फार क्षीण आहे आणि जे वैद्यकीय देखरेखीखालच्या विशेष आहारावर आहेत, त्यांना ती सवलत लागू नाही.

म्हणून कच्चे किंवा अर्धे कच्चे अंडे पूर्णपणे वर्ज्य कोणी करावे हे आधी ठरवून घ्यावे. पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढचे लोक, गर्भवती, मधुमेही, केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, स्टेरॉइडवर असलेले हे सगळे त्यात येतात. यात एक गट सहसा विसरला जातो. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांच्या जठरातले आम्ल कमी झालेले असते, आणि तेच आम्ल जिवाणूंविरुद्ध शरीराची पहिली भिंत असते. वजन कमी करण्याच्या आहारावर असलेल्या कितीतरी लोकांच्या औषधांत ही गोळी असते. आपल्या औषधांच्या पाकिटावरचे नाव एकदा वाचून पाहावे.

विकत घेताना आणि ठेवताना

अंडी घेताना ट्रेमधून एकेक हाती घेऊन पाहावी. वरून धड दिसणाऱ्या अंड्याला केसाएवढी चीर असू शकते. मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला टेकवून अंडे हळूहळू फिरवले तर ती चीर उजळ रेषेसारखी चमकते. असे अंडे घेऊ नये, आणि घरी आणताना तडकलेले अंडे त्याच वेळी पूर्ण शिजवून संपवावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणाऱ्या गांवठी अंड्यांबद्दल लोकांना विशेष विश्वास वाटतो. चवीसाठी ती मीही पसंत करीन, परंतु ती कच्ची पिण्यास सुरक्षित असतात या समजुतीला आधार नाही. मोकळी हिंडणारी कोंबडी कुठेही चरते, कधी गवतात, कधी लाकडांच्या ढिगाआड अंडी घालते, आणि ती अंडी दोन-चार दिवसांनी सापडतात. त्यांच्यावर लागलेली विष्ठा आणि माती आपण डोळ्यांनी पाहतो.

घरी आणल्यावर अंडी धुऊन ठेवू नयेत. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो धुण्याने जातो आणि छिद्रे उघडी पडतात. थंड पाण्याने धुतल्यास आतला भाग किंचित आकसून बाहेरची घाण आत ओढली जाते. मळलेले अंडे कोरड्या कापडाने पुसावे, धुवायचेच असेल तर शिजवण्याच्या अगदी आधी धुवावे. फ्रिजमध्ये ती दाराच्या कप्प्यात न ठेवता आतल्या फळीवर ठेवावी, कारण दार सारखे उघडझाक होते. साल्मोनेलाची वाढ ५ अंशांखाली जवळजवळ थांबते आणि ३७ अंशांच्या आसपास ती सर्वांत जोरात होते. मे महिन्यातल्या आपल्या स्वयंपाकघराचे तापमान यांतल्या कोणत्या आकड्याच्या जवळ आहे हे वेगळे सांगायला नको. एकदा थंड केलेली अंडी पुन्हा बाहेर काढून ठेवू नयेत. दमट हवेत त्यांच्यावर पाणी सुटते आणि ओल्या कवचातून जिवाणूंना आत जाणे सोपे होते. पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली तर फ्रिजचे दार बंदच ठेवावे आणि ती अंडी नंतर फक्त उकडण्यासाठी वापरावी. सुट्या अंड्यांवर तारीख नसते, म्हणून आणल्याची तारीख पेन्सिलने ट्रेवर लिहावी आणि दोन-तीन आठवड्यांत ती संपवावी.

शिजवण्याची रीत

अंड्याच्या पदार्थाचे आतले तापमान ७१ अंशांवर पोचले की साल्मोनेला मरतो. थर्मामीटर नसेल तर डोळ्यांवर विसंबावे: पांढरा भाग आणि बलक दोन्ही घट्ट झाले पाहिजेत. उकडण्यासाठी पाणी खळखळू लागल्यावर अंडी सोडावी आणि १० ते १२ मिनिटे ठेवावी, मग थंड पाण्यात काढावी. उकडलेली अंडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावीत आणि न सोलता ठेवून आठवडाभरात संपवावीत. भुर्जीत तव्यावर ओलसर पाणी उरता कामा नये. हाफ फ्रायची सवय मोडवत नसेल तर अंडे तव्यावर सोडल्यावर चमचाभर पाणी कडेने घालून झाकण ठेवावे. वाफेने बलकावर आधी दुधट पापुद्रा येतो, पण तेवढ्यावर थांबू नये, चमच्याने दाबल्यावर बलक वाहता कामा नये. गाड्यावरचे रस ऑमलेट (रश्श्यासोबतचे ऑमलेट) या कसोटीला चांगले उतरते, कारण ऑमलेट पातळ असते आणि दोन्ही बाजूंनी भाजले जाते. कर्बोदके मोजणाऱ्याने फक्त पाव बाजूला ठेवावा.

ज्यांना पिण्यासारखेच हवे असते, त्यांच्यासाठी शिजवलेले पेय करता येते. दोन अंडी कपभर थंड दुधात चांगली फेटून गाळून घ्यावी, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवावी आणि सतत ढवळत राहावे. मिश्रण चमच्याच्या पाठीला चिकटून राहू लागले आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ मिटेनाशी झाली की ते ७१ अंशांच्या वर गेलेले असते. तेव्हाच उतरवावे, कारण उकळी आली तर अंडे फाटते. वेलदोडा किंवा जायफळ घालून ते गार करून घेतले तरी चालते. कच्च्या बलकावर पिण्याजोगे कोमट दूध ओतण्याची जुनी पद्धत मात्र उपयोगाची नाही, त्या उष्णतेत जिवाणू मरत नाहीत.

मेयोनीजची गरज उकडलेल्या अंड्यांनी भागते. दोन पूर्ण उकडलेली अंडी, चमचाभर मोहरीची पेस्ट, लिंबाचा रस आणि मीठ मिक्सरच्या लहान भांड्यात बारीक करावे व तेल धारेने थोडे थोडे घालत फिरवत राहावे. हवा तेवढा दाटपणा येतो. फ्रिजमध्ये ठेवून ते दोन-तीन दिवसांत संपवावे. लिंबू किंवा व्हिनेगर घातले म्हणजे कच्चे अंडे निर्धोक झाले, यावर विसंबू नये.

बाहेर खाताना शॉर्माच्या गाड्यावर, बर्गरमध्ये किंवा समुद्रकिनाऱ्यावरच्या कॅफेत सॉस तिथेच केलेला आहे की बाटलीतला, हे सरळ विचारावे. केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, यावरून विषयाचे गांभीर्य समजावे. तिरामिसू, मूस, हॉलंडेज सॉस आणि व्हिस्की सावर यांतही कच्चे किंवा जेमतेम गरम केलेले अंडे असू शकते. बिबिंक ही गोव्याची मिठाई थर भाजत केलेली असते, तिची या कारणासाठी चिंता नको. साखर ही वेगळी गोष्ट.

त्रास झालाच तर

दूषित अंडे खाल्ल्यावर साधारण ६ तासांपासून काही दिवसांत ताप, जुलाब आणि पोटात कळा सुरू होतात, आणि बहुतेक जण चार ते सात दिवसांत बरे होतात. पथ्यावरच्या माणसाची इथे एक खास चूक होते: साखर नको म्हणून तो ओआरएस घेत नाही. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, आणि आतड्यातून मीठ व पाणी शोषले जाण्यासाठी ते लागतेच. कर्बोदके कमी केलेल्या शरीरातून मीठ आणि पाणी आधीच जास्त गेलेले असते, त्यामुळे असा माणूस इतरांपेक्षा लवकर कोरडा पडतो. जुलाब थांबेपर्यंत पथ्य बाजूला ठेवावे, ओआरएस घ्यावे, मीठ घातलेली पेज घ्यावी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का हे विचारावे. कमी कर्बोदके, जुलाब आणि ही गोळी एकत्र आली की रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका असतो, आणि त्यात साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसला तरी जीव धोक्यात येऊ शकतो.

शौचातून रक्त, उतरत नसलेला मोठा ताप, लघवी होईनाशी होणे, गुंगी, किंवा पाणीही पोटात न ठरणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, गरज पडल्यास १०८ ला फोन करावा. घरात उरलेले प्रतिजैविक मनाने घेऊ नये, आणि ताप किंवा रक्त असताना जुलाब बंद करणारी गोळीही घेऊ नये. गेल्या दोन-तीन दिवसांत कच्चे अंडे खाल्ले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, त्यामुळे योग्य तपासणी लवकर होते. जुलाब थांबल्यानंतरही ४८ तास घरच्यांसाठी स्वयंपाक करू नये आणि शौचानंतर हात साबणाने धुवावेत, कारण बरे वाटू लागल्यावरही जिवाणू काही काळ विष्ठेतून जात राहतात.