ओबामासमोर उभं कुणाला करायचं? मित्रमंडळीत हा वाद नीट कसा घालायचा

आपल्याकडे तिकिटावरून वाद घालायला कुणाला शिकवावं लागत नाही. २०२४ ला नाशिक लोकसभेचं महायुतीचं तिकीट भुजबळांना की गोडसेंना यावर सिडकोपासून पंचवटीपर्यंत प्रत्येक टपरीवर जे काही चाललं होतं ते आठवा. पण तेच लोक अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलायला लागले की गाडी लगेच ट्रम्प चांगला की वाईट यावर जाते आणि तिथेच फिरत बसते. विषय खरं तर त्याहून भारी आहे : अध्यक्ष खुर्चीवर बसलेला आहे, दुसऱ्या टर्मला उभा आहे, समोरच्या उजव्या पक्षाने म्हणजे रिपब्लिकनांनी कुणाला उतरवायचं? हा वाद एका संध्याकाळी पाच-सात जणांत कसा रंगवायचा ते सांगतो, कॉलेज रोडला चहा घेत करा नाहीतर कुणाच्या गच्चीवर करा.

पहिलं काम, एक वर्ष पकडा आणि तारीख गोठवा. माझी शिफारस २०१२ ची, म्हणजे ओबामा दुसऱ्या टर्मला उभा होता ती निवडणूक, तारीख ३१ डिसेंबर २०११. त्यानंतर काय झालं ते कुणीही बोलायचं नाही, बोलला तर चहाचं बिल त्याचं. हा नियम नसेल तर वाद होतच नाही, सगळे नंतरचे शहाणे. या तारखेला मैदानात नाव घेण्यासारखे सात जण आहेत. रॉम्नी, गिंग्रिच, सँटोरम, पेरी, रॉन पॉल, बाकमन आणि हंट्समन. हर्मन केन डिसेंबरच्या सुरुवातीलाच बाहेर पडलाय, त्याची चिठ्ठी नको. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाका, ज्याला जो येईल त्याने त्याची बाजू लढवायची, आवडता उमेदवार निवडायची मुभा देऊ नका. माणसं कमी असतील तर हंट्समन आणि बाकमन काढून टाका, काही बिघडत नाही.

आणि एक माणूस, जमलं तर सगळ्यात हुशार, ओबामाच्या बाजूने बसवा. हे बहुतेक ग्रुप विसरतात आणि मग सगळं हवेत चालतं. त्याचं काम एकच, प्रत्येक उमेदवाराला विचारायचं की बाबा तू मला कशाने हरवणार. त्याच्या हातात पत्ते बरे आहेत : मे २०११ मध्ये लादेन मारला गेला, आणि दुसरं म्हणजे स्वतःच्या पक्षात ओबामाविरुद्ध तगडं कुणी उभंच राहिलेलं नाही. हे दुसरं छोटं वाटतं पण नाहीये. १९७६ ला फोर्डला रीगनने घरातच झुंजवलं, १९८० ला कार्टरला टेड केनेडीने, १९९२ ला थोरल्या बुशला ब्युकॅननने, आणि खुर्चीवरचे हे तिघेही अध्यक्ष नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत पडले. ओबामाच्या घरात शांतता आहे. विरोधकांच्या हातात काय तर बेरोजगारी, साडेआठ टक्क्यांच्या आसपास, आणि ओबामाचा २०१० चा आरोग्य विमा कायदा, ज्याच्यावर रिपब्लिकन मतदार भयंकर चिडलेला आहे आणि त्याच रागावर त्या वर्षी त्यांनी कनिष्ठ सभागृहात ६३ जागा जास्तीच्या काढल्यात.

आता वादाच्या दोन फेऱ्या, आणि त्या वेगळ्याच ठेवा, मिसळल्या की घोळ.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी आयोवाचा कट्टर रिपब्लिकन मतदार व्हायचं. तिथे तिकीट हायकमांड देत नाही, दिल्लीत सूटकेस घेऊन बसायची सोय नाही, राज्याराज्यात पक्षाचे मतदारच ठरवतात, आधी आयोवा, मग न्यू हॅम्पशायर, मग साउथ कॅरोलायना. त्यामुळे प्रश्न असा की हा माणूस खरंच आपला आहे का. इथे रॉम्नीची चिठ्ठी आलेल्याला घाम फुटतो, फुटलाच पाहिजे, कारण २००६ ला मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असताना त्याने स्वतःच जवळपास तसाच आरोग्य कायदा आणलाय. म्हणजे मतदार ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त तापलाय त्यावरच याचं तोंड बंद. सँटोरमवाला इथे जोरात असतो, चर्चवाला मतदार त्याचा. गिंग्रिचवाल्याने सभागृहाचा स्पीकर असल्याचं आणि वादविवादात कुणालाही लोळवण्याचं भांडवल करायचं. पेरी दहा-अकरा वर्षं टेक्सासचा गव्हर्नर, कागदावर एकदम दणकट, पण नोव्हेंबरात भर डिबेटमध्ये आपण कुठली तीन खाती बंद करणार त्यातलं तिसरं त्याला आठवलंच नाही आणि शेवटी 'उप्स' म्हणून मोकळा झाला, ते त्याला कुणी विसरू देणार नाही. रॉन पॉलवाल्याला जास्त वेळ देऊ नका, तो फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेवर, सुरू झाला की रात्र होते.

दुसऱ्या फेरीत तेच लोक, पण आता तुम्ही ओहायोतले काठावरचे मतदार, मागच्या वेळी ओबामाला मत दिलं होतं आणि यंदा डोकं खाजवताय. आपल्याकडे ज्याला इलेक्टिव्ह मेरिट म्हणतात ते इथे तपासायचं. नकाशा समोर ठेवा, तिथे राज्याराज्याला ठरलेली इलेक्टोरल मतं असतात, एकूण ५३८ पैकी २७० लागतात, आणि ओहायो न जिंकता रिपब्लिकन माणूस आजवर अध्यक्ष झालेला नाही. त्या निवडणुकीत ओहायो १८, फ्लोरिडा २९, व्हर्जिनिया १३, कोलोरॅडो ९, वाद या राज्यांवरच घाला. कुणीतरी म्हणणारच की माझा भाचा न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो तिकडे वातावरण असं असं आहे. भाच्याला नमस्कार सांगा आणि पुढे चला, न्यू जर्सी १९८८ नंतर रिपब्लिकनांकडे गेलेलंच नाही, तिथलं वातावरण या हिशोबात शून्य. सँटोरमवाल्याला इथे विचारा की २००६ ला स्वतःच्या पेनसिल्व्हेनियात सिनेटची सीट इतक्या मोठ्या फरकाने कशी घालवली. आणि आता रॉम्नीवाल्याची पाळी, धंदा कळतो, २००२ चं सॉल्ट लेकचं ऑलिंपिक सावरलं, बेरोजगारीवर बोलायला लायक, फक्त खासगी गुंतवणूक कंपनीत कामगार कमी करून पैसा कमावला या आरोपाचं उत्तर ओहायोच्या कारखान्यातल्या माणसाला कसं पटवून देणार ते त्याला सांगू द्या. आपल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी केलेला कुणी ग्रुपमध्ये असेल तर हा प्रश्न त्यालाच विचारायला लावा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्ही फेऱ्यांत एकच गोष्ट बघायची. अध्यक्ष खुर्चीवर असला की निवडणूक त्याच्यावर व्हायला हवी, उमेदवारावर झाली की संपलं. १९६४ ला रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरने अध्यक्ष जॉन्सनला सोडून स्वतःचीच चर्चा घडवून आणली, लोक घाबरले, ५२ विरुद्ध ४८६. रीगन १९८० ला विचाराने काही फार वेगळा नव्हता, त्यालाही लोक घाबरत होते, पण मतदानाच्या आठवडाभर आधीच्या डिबेटमध्ये त्याने शांतपणे विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का, आणि सगळा हिशोब कार्टरच्या गळ्यात गेला, ४८९ विरुद्ध ४९. त्यामुळे कडवा की मवाळ यावर तासभर घालवणाऱ्याला मध्येच थांबवून विचारा, टीव्हीवर कोण दिसणार, तुमचा माणूस की बेरोजगारी?

बकली नावाचा त्यांच्याकडचा एक मोठा उजवा संपादक होता, त्याचा साधारण नियम असा की निवडून येऊ शकेल अशांतला जो सगळ्यात उजवा असेल तो घ्या. हा नियम वादात कुणीतरी फेकेलच, पण लक्षात ठेवा त्याने काही मिटत नाही, 'निवडून येऊ शकेल' याच्यावरच तर भांडण आहे.

शेवटी गुप्त मतदान दोनदा घ्या, एकदा आयोवावाले म्हणून, एकदा ओहायोवाले म्हणून, नावं वेगळी आली तर अजून एक चहा सांगा कारण खरी मजा तिथेच आहे. मग तारखेचा नियम उठवा : आयोवात आधी रॉम्नी ८ मतांनी पुढे म्हणून जाहीर झाला, नंतर मोजणीत सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाला, साउथ कॅरोलायना गिंग्रिचने मारलं, तिकीट मिळालं रॉम्नीला आणि नोव्हेंबरात ओबामा ३३२, रॉम्नी २०६, ओहायो ओबामाकडेच. आता सँटोरमवाला उठून म्हणेल की बघा, मला तिकीट दिलं असतं तर. त्याला बोलू द्या, फक्त २७० चा आकडा राज्यांची नावं घेऊन जुळवून दाखव म्हणावं.

पुढच्या बैठकीला १९९६ घ्या, क्लिंटनसमोर डोल, ब्युकॅनन की फोर्ब्स. त्यात ओबामाच्या जागी क्लिंटनवाला बसवताना सगळ्यात गोडबोल्या माणूस शोधा.