गहू सोडला तरी पोट फुगतंय? दूध थांबवून बघा

सीलिअ‍ॅकचं (गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते, त्या आजाराचं) निदान झालं, चपाती-पाव बंद केला, तरी सकाळचा चहा पिऊन निघालं की लोकल दादरला पोचेपर्यंत पोटात गुडगुड सुरू. अशा वेळी पहिला संशय दुधावर घ्यावा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम लहान आतड्याच्या आतल्या बारीक केसांसारख्या उंचवट्यांच्या टोकाशी असतं आणि या आजारात नेमकी तीच टोकं झिजलेली असतात. ती भरून यायला काही महिने लागतात, मोठ्या माणसांत कधी वर्षाहून जास्त.

तोवर दोन-तीन आठवडे दूध, बासुंदी, पेढे, आइस्क्रीम बाजूला ठेवा. दही बऱ्याच जणांना सोसतं, कारण विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच फस्त करतात. तुपात तर ते नावालाच असतं. बरं वाटलं की अर्धा कप दूध, तेही जेवणासोबत घेऊन बघा. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेतच.

पण हिंगाची डबी उलटून वाचली का? बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. आमच्या घरी महिनाभर दुधाला शिव्या घालून झाल्या आणि चोर निघाला फोडणीत! गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेल्या ज्वारीचंही तेच.

आणि तपासणी न करताच गहू सोडला असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. ग्लुटेन बंद असताना टीटीजीची, म्हणजे हा आजार ओळखण्यासाठी करतात ती, रक्ततपासणी फसवी येऊ शकते.