मे महिन्यात घर शिफ्टिंग पण आणि मालवणची ट्रिप पण, दोन्ही कसं बसवायचं

भाड्याने राहणाऱ्यांना सांगायला नको, ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं आणि घर बदलायची वेळ आली की बहुतेकजण मे महिनाच धरतात, कारण मुलांच्या परीक्षा झालेल्या असतात आणि जूनच्या मध्यात शाळा सुरू व्हायच्या आत नवीन जागी बस्तान बसवायचं असतं. मग अख्खी सुट्टी खोकी भरण्यात आणि रिकामी करण्यात जाते, आणि "यंदा शिफ्टिंग आहे, कुठे जायचं जमणार नाही" असं घराघरात ठरूनच जातं. माझं म्हणणं आहे की असं ठरवू नका. शिफ्टिंगच्या वर्षी तर ट्रिप हवीच, घरातले सगळे थकलेले असतात, मुलांचे जुने मित्र सुटलेले असतात. फक्त क्रम वेगळा लावायचा. आधी गाडीचं रिझर्वेशन करायचं, आणि त्या तारखेच्या अलीकडे शिफ्टिंग बसवायचं.

कारण साधं आहे, टेम्पो कुठल्याही दिवशी मिळतो, मे महिन्यात कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. म्हणजे १८ मे ला निघायचं असेल तर १९ मार्चला सकाळी आठच्या आधी लॉगिन करून बसायचं, प्रवाशांची नावं आधीच सेव्ह करून ठेवायची, पेमेंटला यूपीआय तयार ठेवायचं. आणि परतीचं तिकीट त्या दिवशी निघत नाही हे बरेचजण विसरतात, २३ मे ची परतीची गाडी २४ मार्चला उघडणार, त्याचा वेगळा अलार्म लावा. तेव्हा नवीन घर मिळालेलं पण नसेल, तरी काढा तिकीट. घर एप्रिलमध्ये मिळतं.

आता उदाहरण धरू की तुम्ही डोंबिवली-ठाण्याकडे राहताय आणि ॲग्रीमेंट १५ मे ला संपतंय. नोटीस बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये एक महिन्याची असते, म्हणजे १५ एप्रिलच्या आत मालकांना लेखी कळवायचं, फोनवर बोलणं झालं असलं तरी व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर दोन ओळी टाकाच. नवीन घराचा ताबा शक्यतो आठ-दहा दिवस आधीपासून घ्या, तेवढ्या दिवसांचं जास्तीचं भाडं जातं पण ते वसूल होतं, कारण रिकाम्या घरात पेस्ट कंट्रोल, साफसफाई, नळ-गिझरची कामं सामान यायच्या आधी उरकतात. नंतर प्रत्येक कपाट सरकवून कोण करणार. आणि नवीन ॲग्रीमेंट रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्रात ते कायद्याने सक्तीचंच आहे, शिवाय गॅस, आधार, शाळा, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तेच लागतं.

पॅकर्सवाल्यांचं. दोघातिघांकडून कोटेशन घ्या, पण फोनवर "टू बीएचके आहे" एवढंच सांगून घेतलेल्या कोटेशनला काही अर्थ नसतो, घरी बोलवा नाहीतर व्हिडिओ कॉलवर माळा, बाल्कनी, पलंगाखालचं सगळं दाखवा आणि सामानाची यादी लेखी घ्या. विचारायचे प्रश्न असे: पलंग-कपाट खोलून परत जोडणार का, एसी काढायचे-लावायचे वेगळे घेणार का, लिफ्ट बंद असेल तर मजल्यामागे किती, इन्शुरन्स आहे का आणि तो कशाकशाला लागू. सगळे पैसे आधी देऊ नका. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळलात तर रेट पण कमी लागतो आणि माणसं पण वेळेवर येतात. दोन्ही सोसायट्यांच्या ऑफिसात आधी जाऊन या, कुठे एनओसी लागते, कुठे शिफ्टिंग चार्ज असतो, कुठे रविवारी सामान हलवू देत नाहीत, आणि ट्रक गेटच्या आत येतो की बाहेरच थांबवावा लागतो हे तर वॉचमनलाच विचारा, त्याला जे माहिती असतं ते सेक्रेटरीला नसतं.

पॅकिंग सुरू करताना सगळ्यात पहिली कुठली गोष्ट भरायची, तर ट्रिपची बॅग. हो, खोक्यांच्या आधी. पोहायचे कपडे, टोप्या, सनस्क्रीन, चार्जर, औषधं, ओळखपत्रं, मुलांचे चार जोड, सगळं एका बॅगेत भरून ती बाजूला ठेवा आणि तिच्यावर मोठ्ठं लिहा "ट्रकमध्ये नाही". नाहीतर निघायच्या आदल्या रात्री मुलाचे गॉगल-चड्ड्या शोधायला पस्तीस खोकी उघडावी लागतात. दुसरी अशीच बॅग कागदपत्रं आणि दागिन्यांची, ती तर ट्रकमध्ये जाताच कामा नये, दागिने लॉकरमध्ये आणि कागद स्वतःच्या खांद्यावर.

बाकी खोल्यांचं फार सांगण्यासारखं नाही, पुस्तकं लहान खोक्यांत भरा म्हणजे उचलता येतात, कपडे-पांघरुणं जुन्या चादरींत बोचकी बांधून न्या, टीव्हीच्या मागच्या वायरींचा काढायच्या आधी फोटो घ्या. खरं काम स्वयंपाकघरात असतं. ते शेवटी भरायचं आणि पहिल्यांदा उघडायचं. पंधरा दिवस आधीपासून नवीन किराणा भरणं बंद करा, डबे आपोआप रिकामे होत जातात. ताटं-प्लेटा आडव्या रचू नका, प्रत्येकीला वर्तमानपत्र गुंडाळून खोक्यात उभ्या लावा, आडव्या रचल्या की खालचीवर सगळ्यांचं वजन येतं आणि पहिल्याच खड्ड्यात ती जाते. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या रिकाम्या करून मसाले छोट्या पिशव्यांत भरा, हळद एकदा सांडली की त्या खोक्यातलं काही पांढरं राहत नाही. आणि मे महिना म्हणजे नुकतंच घातलेलं कैरीचं लोणचं असणार, तर बरणीच्या तोंडावर आधी प्लास्टिक, त्यावर घट्ट झाकण, त्यावर फडकं बांधायचं, बरणी बादलीत उभी ठेवून आजूबाजूला नॅपकिन कोंबायचे आणि बादली आपल्या सोबत रिक्षातून न्यायची. लोडिंगवाल्यांच्या हातात लोणचं देऊ नये. पापड-कुरडयांचे डबे पण तसेच हातात.

फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून पुसून कोरडा करा, उभाच न्यायला लावा, आणि नवीन घरात लगेच चालू न करता काही तास थांबा. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर ते घेताना मिळालेले ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे ड्रम जागच्या जागी धरून ठेवणारे स्क्रू, शोधा आणि लावूनच हलवा, ड्रम हलला की खर्च मोठा येतो.

खोक्यांवर नुसतं "किचन" लिहून भागत नाही. नंबर टाका, आणि फोनमध्ये नंबरापुढे काय आहे ते लिहा, "७ - कुकर, तवा, चहासाखर, लायटर". तीन-चार खोक्यांवर लाल टेप लावा, ती पहिल्या दिवशी उघडायची: चहाचं सामान, दोन भांडी, चादरी, टॉवेल, बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, पाना-पकड, टॉयलेटचं सामान.

गॅसचं महिनाभर आधी बघा. त्याच शहरात असाल तर एजन्सीकडून कनेक्शन नवीन एरियातल्या एजन्सीकडे ट्रान्सफर होतं, शहर बदलत असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर परत करून डिपॉझिट आणि टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याची पावती) घ्यायचं आणि ते नवीन गावी दाखवायचं, त्या वेळचं डिपॉझिट तिथे परत भरावं लागतं. पाइप गॅस असेल तर मीटरचा आणि लाइटच्या मीटरचा, दोन्हींचा फोटो काढा, दोन्ही घरांत, तारखेसकट.

ट्रकच्या दिवशी कामं वाटून घ्या. एकजण जुन्या घरी शेवटपर्यंत, एकजण नवीन घरी आधीच पोचलेला. आमच्याकडे देव पहिले जातात, ट्रकच्या आधी, देव्हारा, समई, आणि दूध उतू घालायला एक पातेलं, आई म्हणतात तसं ते झालं की मग बाकीचं सामान आत. मुलांना लांब पाठवू नका, त्यांना त्यांच्या खोलीची खोकी मोजायचं काम द्या, मोठं माणूस असल्यासारखी करतात आणि घर पण लगेच आपलं वाटतं. माणसं जायच्या आधी यादीवर टिकमार्क करून सही करा, तुटलं असेल तर तिथेच लिहून घ्या. जुन्या घराची चावी देताना सगळ्या भिंतींचा व्हिडिओ काढा आणि डिपॉझिटमधून काही कापणार असतील तर ते लेखी मागा.

शिफ्टिंग ९-१० मे ला झालं की निघायला आठवडा मिळतो आणि तेवढा लागतोच. पण त्या आठवड्यात सगळं घर लावून टाकायच्या मागे लागू नका. स्वयंपाकघर, बेड, बाथरूम आणि मुलांच्या शाळेचं सामान, बस. माळ्यावरची खोकी जूनमध्ये उघडली तरी चालतात. निघायच्या दिवशी फ्रिजमधला नाशवंत माल संपवा, गॅस आणि पाण्याचा मेन कॉक बंद करा, आणि बेडवर धुतलेल्या चादरी घालूनच कुलूप लावा, परत आल्यावर खोक्यांच्या मधोमध का होईना पण तयार अंथरूण मिळालं पाहिजे.

आता ट्रिप. थकलेल्या माणसांनी पाच दिवसांत सात ठिकाणं करू नयेत. एकच गाव धरा आणि तिथेच राहा, मी मालवण सांगते. रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस ठाण्याहून धरली की सकाळी कुडाळ, तिथून एसटी नाहीतर रिक्षाने मालवण. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून, त्यामुळे चौघांचा प्रवास स्वस्तात होतो. दिवसा जायचं असेल तर मांडवी एक्सप्रेस, खिडकीतून बोगदे आणि पूल बघत मुलं कंटाळत नाहीत. तारीख २५ मे च्या आतली ठेवा, कारण पावसाळ्यासाठी साधारण २६ मे पासून ३१ ऑगस्टपर्यंत समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या आणि स्कूबा वगैरे बंद असतं.

सिंधुदुर्ग किल्ला सकाळी लवकर करा, दगड तापायच्या आत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये काम सुरू केलं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, मुलांना हे प्रत्यक्ष दाखवा, पुस्तकात वाचून समजत नाही. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर पण तिथेच. दुपारी काही करू नका. खरंच, काही म्हणजे काही नाही, जेवून झोपा. संध्याकाळी तारकर्ली नाहीतर देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. घरगुती राहायच्या ठिकाणी जेवण आधी सांगावं लागतं, सकाळी घावणे, दुपारी माशाचं ताट आणि सोलकढी, एखाद्या रात्री कोंबडी-वडे सांगून ठेवा. येताना मालवणी खाजं, कोकमाचं आगळ, आणि नवीन शेजाऱ्यांसाठी फणसपोळीची दोन-तीन पाकिटं जास्तीची आणा, ओळख करून घ्यायला दार वाजवायचं निमित्त मिळतं.

परत आल्यावर शाळा सुरू व्हायच्या आत पत्त्याची कामं लावा: आधार ऑनलाइन अपडेट होतं, बँक आणि विम्याचं त्यानंतर, आणि मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा. रजिस्टर्ड ॲग्रीमेंटची पीडीएफ फोनमध्ये ठेवा, सगळीकडे तीच मागतात.