कॉर्टिसॉलची तपासणी करायची, तर अशी करा

संकट दिसताच काही सेकंदांत अॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मागून येतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा निरोप त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आणि तिचा मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना पोचतो. रक्तातली पातळी शिगेला जायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. पातळीचा हा आकडा दिवसभर वरखाली होत असतो, त्यामुळे ‘टेन्शन किती आहे’ ते त्यावरून कळत नाही. ग्रंथी फार कमी किंवा फार जास्त स्रवते असा डॉक्टरांना संशय असेल, तरच तपासणी करा.

आधी औषधांची यादी काढा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, गोरेपणासाठी लावलेलं बीटामेथासोनचं मलम, सांधेदुखीची बिननावाची पुडी: यातल्या स्टेरॉइडमुळे ग्रंथी सुस्तावते आणि आकडा खोटा कमी दिसू शकतो. उलट, गर्भनिरोधक गोळ्यांनी तो खोटा वाढतो. सगळं डॉक्टरांना सांगा, पण स्टेरॉइड मनाने बंद करू नका. रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं.

रक्त सकाळी ८ ते ९ मध्ये द्या. पहाटे पातळी चढते, मध्यरात्री तळाला जाते. दुपारी ४ च्या रक्ताला सकाळचे निकष लावले तर निष्कर्ष चुकणारच. रात्रपाळी असेल तर झोपेच्या वेळा कळवा. जिने चढून आलात तर अर्धा तास बसा. रक्त घेतल्याची वेळ नळीवर लिहिली आहे ना, हे स्वतः बघा.

रिपोर्टमध्ये एकक तपासा. १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे २७.६ नॅनोमोल प्रति लिटर. सकाळी ३ मायक्रोग्रॅमच्या खालचा आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

जास्तीचा संशय असेल तर रात्री ११ च्या सुमारास लाळ घेतात, वेगवेगळ्या दोन रात्री. त्याआधी अर्धा तास खाणं नको, दात घासणं नको. हिरडीतलं रक्त मिसळलं तर नमुना वाया. तंबाखू आणि घशासाठी चघळलेलं ज्येष्ठमध लाळेतलं कॉर्टिसॉल खोटं वाढवतात, तेव्हा दोन्ही किती आधी थांबवायचं ते विचारून घ्या.

दुसरा मार्ग डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा: डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर रात्री ११ ते १२ मध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ च्या दोन गोळ्या, आणि सकाळी ८-९ ला रक्त. निरोगी माणसात आकडा १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरतो. फिट्सवरचं फेनिटोइन किंवा क्षयावरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळी शरीरातून लवकर निघून जाते आणि आकडा उगाच वर राहतो.