नवीन माणूस रुजू होतोय? या चुका टाळा

भोसरीतल्या एका कारखान्यात मी एचआर सांभाळते. तिथला एक सोमवार अजून आठवतो. नवी मुलगी सव्वानऊला गेटवर हजर, पण वॉचमनच्या वहीत तिचं नावच नाही. "मी आजपासून इथंच," म्हणाली तरी त्यानं व्हिजिटर पास फाडून हातात दिला. वर साहेब मीटिंगमध्ये, लॉगिन तयार नाही. साडेअकरापर्यंत ती बॅग मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून. पुष्पगुच्छ तेवढा वेळेवर आला होता!

चूक माझीच. आता आदल्या दिवशी दुपारी चार फोन करते: गेट, आयटी, कॅन्टीन आणि साहेब. साहेबांना शेवटी, कारण ते विसरतात.

आपल्याकडची खास डोकेदुखी म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर मधलं नाव गायब, आणि लग्नानंतरचं आडनाव यातल्या एखाद्याच कागदावर. ऑफर लेटरवर यातलं कुठलं तरी एक पडतं आणि पुढे पीएफची केवायसी अडकते. म्हणून नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच, अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आधारच चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करायला सांगा. आधी कुठं नोकरी झाली असेल तर जुना १२ आकडी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर, नोकरी बदलली तरी तोच) पीएफच्या फॉर्म ११ वर लिहून घ्या. "आठवत नाही हो, नवीनच काढा," याला अजिबात भुलू नका. एका माणसाचे दोन यूएएन झाले की जुने पैसे नव्या खात्यात आणायला तो तुमच्या टेबलाशी फेऱ्या मारत राहतो, आणि त्याचंही बरोबरच असतं.

दुसरी गर्दी पहिल्या पगाराला होते. "मॅडम, पैसे कमी आले." सीटीसीत, म्हणजे कंपनीला एका माणसामागे येणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो हे नव्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात त्याचा स्वतःचा पीएफचा १२ टक्के वाटा कापला जातो, शिवाय व्यवसाय कर बहुतेकांना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. ऑफर देतानाच हातात येणारा आकडा कागदावर मांडून दाखवा.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. त्यातल्या बाईंची पहिल्या दिवशी प्रत्यक्ष ओळख करून द्या, बोर्डाकडे नुसतं बोट दाखवू नका.

सोबतीला कुणी द्यायचं तर साहेब नको, बरोबरीचा द्या. संडास कुठं आहे, डबा कुठं खायचा, हे साहेबांना कोण विचारणार?

पंधरा दिवसांनी मी प्रत्येकाला एकच विचारते: काय कळायला उशीर झाला? मागे एकानं सांगितलं, "परतीची बस मागच्या गेटवरून सुटते, मॅडम. मी तीन दिवस रिक्षानं गेलो."