साच्यासाठी प्लास्टर घेताना या चुका टाळा

दुकानात आपण पहिला प्रश्न विचारतो, "यातलं टणक कुठलं?" चूक तिथेच होते. मातीकामाच्या साच्याचं खरं काम पाणी पिणं हे आहे. तो ओल्या मातीतलं पाणी ओढून घेतो, माती किंचित आकसते आणि कडेनं सुटून येते.

मी एकदा दातांच्या कामाला वापरतात ते टणक प्लास्टर, डेंटल स्टोन आणलं. गणपतीच्या सोंडेच्या वळ्या काय सुरेख उठल्या! पण दाबलेला शाडू सुटेचना, ओढून काढला तर मुखवटा फाटला. कारण नंतर कळलं. प्लास्टर म्हणजे जिप्समचा दगड भाजून केलेली पूड; ती पुन्हा जिप्सम व्हायला 100 ग्रॅममागे साधारण 19 ग्रॅम पाणी पुरतं. त्यापेक्षा जास्त घातलेलं पाणी सुकून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात, साचा पाणी पितो तो त्यांतून. डेंटल स्टोन जेमतेम 30 मिलीत कालवतात, पॉटरी प्लास्टर 70 मिलीच्या आसपास. म्हणून रोजच्या साच्याला पॉटरी प्लास्टरच मागा. टणक जात वाया जात नाही; ज्यावरून पुन्हा पुन्हा साचे काढायचे, त्या मूळ साच्याला ती उत्तम. छताच्या कामाचं पीओपी मात्र मी आता टाळतोच. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही आणि दोन गोण्या सारख्या वागत नाहीत.

चांगलं प्लास्टरही अंदाजपंचे कालवलं तर फसतं. वजन करा: 2 किलोला 1 लिटर 400 मिली पाणी. आधी पाणी, मग त्यावर प्लास्टर भुरभुरवायचं, दोन-तीन मिनिटं भिजू द्यायचं, मगच ढवळायचं. घट्ट होऊ लागलेल्या घोळात वरून पाणी ओतू नका, साचा भुसभुशीत होतो.

आता आपल्या कोकणातली खरी अडचण. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, घरोघरचे पाट येऊन पडतात ते ऐन पावसात, आणि गोणी तेव्हाच फोडली जाते. दमट हवेत प्लास्टर हळूहळू पाणी घेत राहतं. चाळताना खडे लागले, तर तेवढा भाग आधीच मेलेला समजा. उरलेलं कधी घाईत आवळतं, कधी कच्चंच राहतं. शक्य तर लागेल तेवढंच घ्या, झाकणाच्या पिंपात भरा, पिंप जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. आणि साचा ओतण्याआधी वाटीभर कालवून घड्याळ लावा. अर्ध्या तासात नखानं ओरखडा उठेनासा झाला नाही, तर ती गोणी साच्याला घेऊ नका.

खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. ते पाणी वापरलं तर प्लास्टर लवकर आवळतं, शिवाय सुकताना मीठ पृष्ठभागावर येऊन छिद्रं बुजवतं. पिण्याचं पाणीच घ्या.

पावसात साचे सुकत नाहीत म्हणून कोणी ते चुलीशी लावतात. कृपा करून तसं करू नका. 45-50 अंशांपुढे जिप्सममधलं पाणी सुटू लागतं आणि साच्याची पूड झडते. पडवीत पट्ट्यांवर उभे ठेवा, चारी बाजूंनी वारा लागू दे, पंखा लावा. सुकला की नाही ते हातानं नीटसं कळत नाही, साचा गालाला लावून पाहा. गार लागला, तर अजून ओला आहे.