कॉलेज प्रवेशाचा फॉर्म : फोटो .जेपीजी असूनही ‘अवैध फाइल’ येत असेल तर

घरातलं पहिलंच मूल कॉलेजला निघालेल्या कुटुंबांना मी ऑनलाइन फॉर्म भरायला मदत करतो. यंदा एका मुलीचा फोटो आणि सही काही केल्या अपलोड होईना. फाइलचा आकार मर्यादेत, नावापुढे .जेपीजी, तरी लाल अक्षरांत ‘अवैध फाइल’. आकार आणखी कमी केला, ब्राउझर बदलला, दुसऱ्या नेटवरून पाहिलं, फरक शून्य. मुदत संपत आलेली, आई गुणपत्रिका छातीशी धरून बसलेली, जीव नुसता टांगणीला.

कारण असं : फोटो आयफोनवर काढलेले होते. २०१७च्या आयओएस ११पासून (आयओएस म्हणजे आयफोनची कार्यप्रणाली) नवे आयफोन फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी या वेगळ्या फाइल-प्रकारात साठवतात. कुणीतरी नुसतं नाव बदलून .जेपीजी केलं होतं. नाव बदललं तरी आतला प्रकार तोच राहतो आणि वेबसाइट नेमकं आतलंच तपासते.

आयओएस १६ किंवा त्यापुढे असेल तर फोनवरच जमतं. मूळ फोटो शेअरमधून ‘सेव्ह टू फाइल्स’ करा. फाइल्स अ‍ॅपमध्ये त्यावर बोट दाबून धरा, ‘क्विक अ‍ॅक्शन्स’, मग ‘कन्व्हर्ट इमेज’. प्रकार जेपीईजी (म्हणजेच .जेपीजी), आकार आधी ‘मीडियम’. मर्यादेबाहेर गेला तर ‘स्मॉल’. तयार झालेली नवी फाइलच अपलोड करा, जुनी नको (दोन्ही शेजारीशेजारी दिसतात, गफलत इथेच होते).

पुढच्या कागदपत्रांसाठी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. आधी काढलेले फोटो मात्र त्याने बदलत नाहीत.